पानातलं पाणी मोजणारी लहर

आज आम्ही एका अवघड नावाच्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. नाव आहे टेराहर्ट्झ लहरी. नाव लांबचं असलं, तरी तिचा संबंध आपल्या संत्र्याच्या बगिच्याशी आहे.

आंबिया बहाराच्या आधी शेंदूरजनाघाटात घरोघरी एकच चर्चा असते, ताण किती दिवस द्यायचा? ओलीत बंद करायचं, झाडाला विसावा द्यायचा आणि मग पाणी सोडायचं, की फूल फुटतं. ताण कमी पडला तर फूल कमी येतं. जास्त झाला तर झाडच वाळायला लागतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. हा सगळा अंदाज आपण पानाकडे पाहून करतो. पण पान मलूल दिसतं, तोवर आतलं पाणी बरंच उतरलेलं असतं. मग पान न तोडता त्यातलं पाणी मोजता आलं तर?

इथे या लहरी कामाला येतात. रेडिओच्या लहरी, मोबाइलच्या लहरी आणि सूर्याचा प्रकाश ही सगळी एकाच कुळातली भावंडं. फरक एवढाच, की सेकंदाला हेलकावे किती. मायक्रोवेव्ह भट्टीतली लहर सेकंदाला सुमारे २४५ कोटी हेलकावे घेते. १ टेराहर्ट्झ म्हणजे १ लाख कोटी! ही लहर कोरड्या कागदातून, कापडातून, प्लास्टिकमधून पार जाते आणि धातूवरून परत फिरते. पाणी मात्र तिला पिऊन टाकतं. म्हणून भरल्या पानातून ती कमी पार जाते आणि तहानलेल्या पानातून जास्त. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९९५ साली एका पानाचं ताजं असताना आणि ४८ तासांनी असं दोनदा चित्र घेतलं, तेव्हा त्यातलं पाणी कुठे किती उडालं ते दिसलं.

हीच लहर वस्तूवर सोडून तिचा पडसाद ऐकला, की झालं रडार. १ टेराहर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त ०.३ मिलिमीटर असते. त्यामुळे तिला बारीक फरकही कळतात.

अडचण होती ती लहर तयार करण्याची. त्यासाठी टेबलभर लेसरची यंत्रं लागत. आता त्यावर उपाय डायोडचा. आपल्या एलईडी दिव्यातही डायोडच असतो. हा मात्र वेगळा. त्यात अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. साध्या तारेत विजेचा दाब वाढवला, की प्रवाह वाढतो. या डायोडमध्ये एका टप्प्यावर दाब वाढवला, की प्रवाह घटतो. या उलट्या स्वभावामुळेच लहर चालू राहते. पाळण्याची दोरी वेळेवर ओढली, तर पाळणा थांबत नाही. तसा हा डायोड प्रत्येक हेलकाव्याला नेमका झोका देतो. जपानच्या लिओ एसाकी यांनी १९५७ साली अशा उलट्या स्वभावाचा डायोड दाखवला आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच वाटेवरचे पुढचे डायोड टोकियोच्या संशोधकांनी जवळजवळ २ टेराहर्ट्झपर्यंत नेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही टेराहर्ट्झ लहरींवर काम चालतं.

मर्यादाही सांगतो. या डायोडची ताकद फार थोडी असते. पानावर दव किंवा पावसाचं पाणी असेल, तर मोजमाप चुकतं. रसाळ संत्र्याच्या आत ही लहर पाहू शकत नाही. माणसाच्या अंगातही पाणीच असल्यामुळे ती कातडीच्या फार आत जात नाही. तरी 'टेराहर्ट्झ'च्या नावाने दुखणी बरी करणारे दगड आणि गरम हवेची यंत्रं विकली जातात. गटाच्या पैशातून असलं काही घेऊ नका.

उद्या पानातलं पाणी मोजणारं यंत्र घेऊन कोणी आलं, तर कर्जाचा ठराव करण्याआधी तीन प्रश्न विचारा. संत्र्याच्या पानावर कोणत्या संस्थेने तपासलं? हलक्या आणि भारी दोन्ही जमिनींत तपासलं का? बिघडलं तर दुरुस्ती कुठे? नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्लाही घ्या.

तोवर एक साधी खूण लक्षात ठेवा. दुपारी मलूल झालेलं पान रात्रीतून सावरतं. उन्हं चढण्याआधी पाहिलं आणि तेव्हाही ते मलूलच असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे.