सापडलेला साप पाळावा का? पाहुणचार काही तासांचाच हवा

नागपूरहून उत्तरेकडे निघाले की महाराष्ट्राची सीमा ओलांडताच पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके लागतात. राज्य मध्य प्रदेश असले तरी येथे घराघरांत मराठी बोलली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा आणि कपाशीच्या या मुलखात पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी शिरते आणि धुऱ्यावर, गोठ्यात, लाकडांच्या ढिगात साप दिसू लागतात. अनेकदा त्यांच्या वाट्याला काठीच येते. एखाद्या मुलाला मात्र दया येते आणि संथ चालीचा मांडूळ डब्यात घालून घरी आणला जातो. ‘याला पाळता येईल का?’ हा त्या मुलाचा प्रश्न प्रामाणिक असतो. त्याचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच आहे.

पहिले कारण कायद्याचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम मध्य प्रदेशाप्रमाणेच गोव्यातही लागू आहे. संरक्षित वन्यप्राणी पकडणे हीदेखील या कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. असा प्राणी कोणत्याही मार्गाने ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दंडाची रक्कमही वाढवली आहे. मांडुळाच्या बाबतीत धोका आणखी मोठा. त्याच्या बोथट शेपटीमुळे त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात आणि तो गुप्तधन मिळवून देतो या अंधश्रद्धेपोटी त्याची तस्करी होते. त्यामुळे हौसेने ठेवलेला मांडूळ घरच्यांना तस्करीच्या संशयात अडकवू शकतो.

दुसरे कारण सापाच्या शरीररचनेत आहे. साप स्वतःच्या शरीराची उष्णता राखू शकत नाही. तो ऊन आणि सावली यांत ये-जा करून ती सांभाळतो. डब्यात ही सोय नसते. भेदरलेला साप अनेकदा अन्नच घेत नाही. हवेत पुरेसा ओलावा नसेल तर कात नीट निघत नाही आणि डोळ्यांवर तिचे तुकडे चिकटून राहतात. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते बळजबरीने पाजल्यास श्वसनमार्गात जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो.

तिसरे कारण ओळखीचे. बिनविषारी ‘डुरक्या घोणस’ आणि जहाल विषारी घोणस यांच्या नावांतच नव्हे, रूपातही साम्य आहे. निरुपद्रवी कवड्या आणि मण्यार यांच्या बाबतीत तर जाणती माणसेही फसतात. म्हणून छायाचित्र पाहून किंवा ऐकीव माहितीवर विसंबून साप हाताळू नये.

मग करावे काय? साप घरात असल्यास मुले आणि पाळीव जनावरे दूर न्यावीत. खोलीचे दार लावून खालची फट कापडाने बंद करावी आणि सुरक्षित अंतरावरून लक्ष ठेवत वन विभागाला कळवावे. संपर्क होत नसल्यास ११२ वर दूरध्वनी करावा. फिनाईल किंवा रॉकेल ओतू नये. साप आधीच डब्यात असेल तर तो पुन्हा उघडू नये. बाहेरून हवा खेळती आहे ना, एवढे पाहून डबा सावलीत, शांत जागी ठेवावा. अन्न, दूध काहीही देऊ नये. काही तास उपाशी राहिल्याने सापाचे काही बिघडत नाही. तो कोठे सापडला ती जागा मात्र वन कर्मचाऱ्यांना नेमकी सांगावी. परिचित परिसराजवळ सोडलेल्या सापाला आपली बिळे आणि भक्ष्य पुन्हा गाठता येते.

दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ च्या रुग्णवाहिकेने थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

क्वचित सापडलेला साप परदेशी, कोणाच्या घरातून निसटलेला पाळीव अजगरही असू शकतो. तोही परस्पर ठेवून घेता येत नाही. बॉल पायथनसारख्या प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. म्हणून असा सापही वन विभागाच्याच हवाली करावा.

मांडूळ आणि धामण शेतातले उंदीर खातात आणि शेतकऱ्याचे धान्य वाचवतात. त्या मुलाला साप खरोखरच आवडत असेल तर डबा वन कर्मचाऱ्याच्या हाती देताना त्याला सोबत घ्यावे. आपण वाचवलेला जीव धुऱ्यापलीकडच्या गवतात शिरताना पाहणे, हा पाळण्याहून मोठा आनंद त्याला तेथे मिळेल.