निकामी प्रोबची वायर फेकू नका

दुरुस्तीच्या टेबलावर ऑसिलोस्कोप वर्षानुवर्षं टिकतो, पण सर्किटला टेकवायचा त्याचा प्रोब टिकत नाही. खुर्चीचं चाक वायरीवरून जातं, टोकाचा हूक मोडतो, अर्थची क्लिप हरवते. जुना स्कोप कसाबसा जमवलेल्या माणसाला नामांकित कंपनीचा नवा प्रोब परवडत नाही. मग त्याची पावलं मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे वळतात.

तिथल्या एका दुकानात निकामी प्रोबचा ढीग पडलेला असायचा. दुकानदार मल्टिमीटर लावून दाखवायचा, "दादा, वायर आतून गेलीय. दोनशे ओहम येतायत." वायर खरं तर धडधाकट होती. प्रोबच्या केबलमधली मधली तार तांब्याची नसते, केसासारखी बारीक, मुद्दाम जास्त रोध असलेली असते. ऑसिलोस्कोप बनवणाऱ्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या कोबे आणि पोलिट्स यांना याच युक्तीचं पेटंट 1959 मध्ये मिळालं. केबलच्या दोन टोकांमध्ये सिग्नल आपटत राहू नये, वाटेतच शमावा, यासाठी तो रोध असतो.

हे माहीत नसलेली मुलं तुटक्या प्रोबला आरजी-58 केबल जोडून आणतात. एक किलोहर्ट्झची चौकोनी लहर लावली की तिचे कोपरे गोलच राहतात, प्रोबमधल्या जुळवणीच्या ट्रिमरचा स्क्रू कितीही फिरवा. त्या केबलची कपॅसिटन्स दर मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड, ट्रिमरच्या आवाक्याबाहेरची. अशा वेळी दुसऱ्या मेलेल्या प्रोबची केबलच कामी येते. फक्त त्या तारेला साधं सोल्डर धरत नाही. बारीक तांब्याच्या नळीत घालून ती दाबावी लागते. हे काम नाजूक आहे, पण जमलं की प्रोब पुन्हा उभा राहतो.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र एक किलोओहमच्या रेझिस्टरचा प्रोब. बारीक आरजी-174 केबलच्या टोकाला रेझिस्टर जोडायचा आणि स्कोपच्या बाजूला 50 ओहमचं टर्मिनेशन लावायचं. 1050 भागिले 50, म्हणजे सिग्नल 21 पटींनी लहान. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांच्या 1993 च्या पुस्तकात हा घरगुती प्रोब दिलेला आहे. वेगवान डिजिटल सिग्नलची धार दाखवण्यात तो महागड्या दहापट (10X) प्रोबलाही मागे टाकतो. मात्र सर्किटवर एक किलोओहमचा भार पडतो, म्हणून नाजूक ॲनालॉग जागी तो लावू नये.

स्कोपला 50 ओहमची सोय नसेल तर जुन्या नेटवर्कचं भंगार कामी येतं. नव्वदच्या दशकातल्या ऑफिसांत कॉम्प्युटर को-ॲक्स केबलने जोडलेले असत. त्या नेटवर्कचे बीएनसी टी-कनेक्टर आणि टर्मिनेटर नेमके 50 ओहमचेच, आणि भंगारात ते किलोवर मिळत.

अर्थची पंधरा सेंटिमीटर वायर तर काढूनच टाकावी. प्रोबच्या कपॅसिटन्सबरोबर ती शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजू लागते आणि सर्किटमध्ये नसलेली थरथर पडद्यावर उमटते. रेझिस्टरचा कापलेला पाय ड्रिल बिटभोवती गुंडाळला की प्रोबच्या टोकावर बसणारी छोटी अर्थ स्प्रिंग तयार होते.

ही सगळी जुगाडं कमी व्होल्टेजसाठीच आहेत. 230 व्होल्टच्या बाजूला, एसएमपीएस पॉवर सप्लायच्या प्रायमरीवर, घरी केलेला प्रोब कधीही लावू नका. स्कोपची अर्थ क्लिप थेट जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे ती तिथे लावली की शॉर्ट होतो. तिथे त्या व्होल्टेजसाठी बनवलेला डिफरन्शियल प्रोबच घ्या, उसना मिळाला तरी चालेल.