पिस्तूल व रिव्हॉल्व्हर

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : एका हाताने धरून व नेम धरून डागता येईल, अशा आखूड नळीच्या अग्निशस्त्रांचे हे दोन मुख्य प्रकार होत. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या दंडगोलातील कक्षांत ठेवलेली असतात. पिस्तुलात ती मुठीतील मॅगझीनमधून एकामागून एक नळीच्या कक्षात येतात. व्यवहारात मात्र दोहोंनाही पिस्तूल म्हणण्याची प्रथा आहे. ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून रूढ झाले.

कोणत्याही दस्ती अग्निशस्त्राला चार कामे करावी लागतात : काडतूस कक्षात पक्के धरणे, योग्य क्षणी त्याच्या बुडावर आघात करणे, गोळीला दिशा व फिरकी देणे आणि रिकामे कवच काढून नवे काडतूस आणणे. पाचवे कामही तितकेच महत्त्वाचे आहे व ते म्हणजे डागणाऱ्याची इच्छा नसताना आघात होऊ न देणे. शस्त्राचा प्रत्येक भाग या पाचांपैकी एखाद्या कामासाठी योजलेला असतो.

काडतूस : शस्त्राची रचना समजण्यासाठी प्रथम काडतुसाची रचना लक्षात घ्यावी लागते. काडतुसाचे चार घटक असतात : कवच, प्रस्फोटक, दारू व गोळी. कवच सामान्यतः पितळेचे (सु. ७०% तांबे व ३०% जस्त) असते. त्याच्या बुडात मध्यभागी बसविलेल्या लहानशा टोपीत आघाताने पेट घेणारे प्रस्फोटक असते. त्याची ज्योत छिद्रातून आतील धूमरहित दारूपर्यंत पोहोचते. दारूचा खऱ्या अर्थाने स्फोट होत नाही. ती अतिशय वेगाने जळते व तिचे उष्ण वायूत रूपांतर होते. वायूच्या दाबाने पितळी कवच किंचित फुगून कक्षाच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे निसटत नाही. दाब उतरताच कवच पुन्हा आकसते व सहज बाहेर काढता येते. आधुनिक पिस्तुलाचे यश बव्हंशी पितळेच्या या लवचिकपणावर अवलंबून आहे.

नळी : नळीच्या मागील टोकाशी कक्ष व पुढे आटे पाडलेला मार्ग असतो. आटे म्हणजे नळीच्या आतील पृष्ठावर कोरलेल्या सर्पिल खाचा. गोळीचा व्यास दोन खाचांमधील उंचवट्यांच्या अंतरापेक्षा किंचित जास्त असल्याने गोळी खाचांत रुतते व पुढे जाताना स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, त्याच तत्त्वाने फिरणारी गोळी हवेत न उलटता टोकाच्या दिशेने जाते. खाचांचा एक पूर्ण वेढा २५० मिमी. अंतरात होत असेल आणि गोळीचा वेग दर सेकंदास ३६० मी. असेल, तर ती सेकंदाला १,४४० फेरे घेते.

नळीव्यास मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या दशांश भागांत सांगतात. उदा., ९ मिमी., ०·३२ इंच, ०·४५ इंच. काही नावे मात्र केवळ परंपरेने चालत आलेली आहेत. ‘०·३८ स्पेशल’ या काडतुसाच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सु. ०·३५७ इंच असतो.

नळीच्या टोकाकडील उंचवट्यास माशी म्हणतात. मागील बाजूस खाच असलेली पट्टी असते. डोळा, खाच, माशी व लक्ष्य एका रेषेत आणले म्हणजे नेम धरला जातो. या दोहोंमधील अंतर पिस्तुलात फार कमी असल्याने हाताच्या अल्पशा हालचालीनेही नेम बराच चुकतो. पिस्तुलाने अचूक मारा करणे बंदुकीपेक्षा अवघड असण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

चाप व घोडा : चाप, खटका, घोडा, मुख्य स्प्रिंग व आघात-खीळ मिळून डागण्याची यंत्रणा होते. घोडा मागे ओढला की मुख्य स्प्रिंग दाबली जाऊन तिच्यात ऊर्जा साठते आणि घोड्याच्या खाचेत खटक्याची कड अडकते. चाप ओढल्यावर खटका खाचेतून सुटतो, घोडा वेगाने पुढे येतो व त्याच्या आघाताने खीळ प्रस्फोटकावर आपटते. म्हणजे चाप स्वतः काडतूस पेटवीत नाही. तो केवळ आधी साठविलेली ऊर्जा मोकळी करतो. काही पिस्तुलांत घोडा नसतो व स्प्रिंगयुक्त खीळच थेट सोडली जाते.

घोडा बोटाने मागे ओढावा लागत असेल, तर ती एकक्रिय यंत्रणा होय. चापाच्या एकाच ओढीने घोडा मागे जाऊन सुटत असेल, तर ती द्विक्रिय यंत्रणा होय. द्विक्रिय यंत्रणेत चाप अधिक लांब व अधिक जोराने ओढावा लागतो. यामुळे नेमाला थोडी बाधा येते. परंतु नकळत बोट लागून शस्त्र उडण्याचा संभव कमी होतो.

रिव्हॉल्व्हर : याच्या दंडगोलात बहुधा ५ किंवा ६ कक्ष असतात. दंडगोलाच्या मागील बाजूस दंतुर चक्र असते. घोडा मागे जाऊ लागला की त्याला जोडलेली खिटी या चक्राचा एक दात वर ढकलते व दंडगोल एका कक्षाइतका फिरतो. नवा कक्ष नळीच्या रेषेत येताच खालचा अडसर दंडगोलाच्या खाचेत बसून त्याला स्थिर करतो. फिरण्यासाठी दंडगोल व नळी यांच्यात बारीक फट ठेवावी लागते आणि तीतून काही उष्ण वायू बाजूला फेकला जातो. म्हणून डागताना या फटीजवळ बोट ठेवणे धोक्याचे असते. १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये दंडगोल पुढे सरकून नळीला भिडतो व फट बंद होते. तथापि ही गुंतागुंतीची योजना सर्वत्र रूढ झाली नाही. एखादे काडतूस पेटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच पुढील काडतूस समोर येते, हा रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण होय. काडतुसांची मर्यादित संख्या व ती भरण्यास लागणारा वेळ हे त्याचे दोष होत.

स्वयंभरण पिस्तूल : यात सांगाडा, नळी, स्लाइड, प्रत्यागमन स्प्रिंग व मॅगझीन हे मुख्य भाग असतात. स्लाइड म्हणजे नळीवर बसणारे व सांगाड्यावरील पट्ट्यांवरून मागेपुढे सरकणारे पोलादी आवरण. तिच्यातच आघात-खीळ व कवचाची कड पकडणारा आकडा बसविलेला असतो. मॅगझीन ही मुठीत सरकविण्याची पेटी असून तिच्या तळाशी असलेली स्प्रिंग काडतुसे वर ढकलत असते.

पिस्तूल डागल्यावर गोळी पुढे जाते, त्याच वेळी वायूचा दाब कवचाच्या बुडामार्फत स्लाइडला मागे ढकलतो. गोळीचे वजन ८ ग्रॅ. व वेग सेकंदास ३६० मी. आणि नळीसह स्लाइडचे वजन ५०० ग्रॅ. धरल्यास, संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार स्लाइडचा वेग सेकंदास सु. ५·८ मी. येतो (जळणाऱ्या दारूचे वस्तुमान येथे लक्षात घेतलेले नाही). गोळी नळीतून १० सेंमी. पुढे सरकेपर्यंत स्लाइड केवळ १·६ मिमी. मागे आलेली असते. हा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. तेवढ्या काळात कक्ष उघडू न देणे हा पिस्तूलरचनेतील कळीचा प्रश्न आहे. कारण आत पुरेसा दाब असताना कक्ष उघडला, तर कवच फाटून वायू डागणाऱ्याच्या दिशेने येईल.

हा प्रश्न दोन रीतींनी सोडविला जातो. कमी शक्तीच्या काडतुसांसाठी नळी सांगाड्याला पक्की जोडतात आणि स्लाइडचे जडत्व व स्प्रिंगचा जोर यांवरच भिस्त ठेवतात. जर्मनीचे वाल्टर पीपी (१९२९) व इटलीचे बेरेटा १९३४ ही अशी पिस्तुले होत. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरलेले पिस्तूल बेरेटा १९३४ या प्रकारचे होते. अधिक शक्तीच्या काडतुसांसाठी नळी व स्लाइड परस्परांत अडकविलेल्या असतात. त्या दोन्ही थोडे अंतर एकत्र मागे जातात, तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरतो. मग नळीचा मागील भाग खाली झुकतो, तिची स्लाइडमधील पकड सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. ही रचना मुख्यतः अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांची असून आजही बहुसंख्य सैनिकी पिस्तुलांत तिचीच रूपे आढळतात.

मागे जाताना स्लाइड आकड्याने रिकामे कवच खेचते, ते उत्क्षेपकावर आपटून बाहेर फेकले जाते व घोडाही मागे लोटला जाऊन अडकतो. नंतर दाबली गेलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते व मॅगझीनमधील वरचे काडतूस कक्षात जाते. एका ओढीत एकच गोळी सुटावी यासाठी वियोजक नावाचा लहान भाग असतो. चाप सोडून पुन्हा ओढल्याखेरीज तो चाप व खटका यांचा संबंध जुळू देत नाही.

सुरक्षा : जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकलेले असे. शस्त्र घोड्यावर पडले तर ते उडू शके. म्हणून घोड्याखालील कक्ष रिकामा ठेवण्याचा सावध प्रघात होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जहाजाच्या पोलादी डेकवर पडलेले रिव्हॉल्व्हर उडून एक अमेरिकन नौसैनिक मरण पावला. त्यानंतर त्या रिव्हॉल्व्हरमधील घोडा व सांगाडा यांच्यातील अडसराची रचना बदलण्यात आली. चाप पूर्ण ओढला असेल तरच हा अडसर बाजूला होतो. अनेक आधुनिक पिस्तुलांतही आघात-खीळ अशाच रीतीने अडवून ठेवलेली असते. याशिवाय काहींत अंगठ्याने फिरविण्याची सुरक्षा कळ असते, तर काहींत मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप चालत नाही.

तथापि कोणतीही यांत्रिक योजना अज्ञानावर मात करू शकत नाही. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत अनेक अपघातांना कारणीभूत झालेली आहे. स्वयंभरण पिस्तुलात मॅगझीन बाहेर काढल्यावरही कक्षातील काडतूस तसेच राहते व बऱ्याच पिस्तुलांत ते चाप ओढताच उडते. यासाठी प्रथम मॅगझीन काढणे, नंतर स्लाइड मागे ओढून कक्ष उघडणे व तो डोळ्यांनी पाहणे, हाच क्रम शिकविला जातो. क्रम उलटा झाल्यास स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधील नवे काडतूस कक्षात जाते व रिकामे समजलेले शस्त्र भरलेलेच राहते. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे मानावे, नळी कोणाकडेही रोखू नये व डागण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, हे नियम या रचनेतूनच निघालेले आहेत.

इतिहास : जळती वात लावून डागावयाची शस्त्रे एका हाताने वापरणे गैरसोयीचे होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी चक्राच्या घर्षणाने ठिणगी पाडणारी यंत्रणा निघाली व खऱ्या अर्थाने पिस्तूल शक्य झाले. सतराव्या शतकात गारगोटीची स्वस्त यंत्रणा प्रचारात आली. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या प्रस्फोटकाचे एकस्व १८०७ मध्ये मिळविले. सॅम्युएल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन एकस्व १८३६ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी चापानेच घोडा चालविणारे रिव्हॉल्व्हर १८५१ मध्ये तयार केले. स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ मध्ये धातूच्या कवचाचे काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूमरहित दारू बनविली. तिच्या अल्प अवशेषामुळे स्वयंभरण यंत्रणा व्यवहार्य ठरली. जर्मनीत बोर्कार्ट (१८९३) व माउझर (१८९६) यांची पिस्तुले पुढे आली. ब्राउनिंग यांच्या रचनेचे ०·४५ इंची पिस्तूल अमेरिकन सेनेने १९११ मध्ये स्वीकारले. ऑस्ट्रियन सेनेने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलामुळे बहुवारिकाचा सांगाडा सर्वत्र मान्य झाला.

भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही पिस्तुलाचा उल्लेख येतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांना ब्राउनिंग पिस्तुलाने ठार केले. स्वातंत्र्योत्तर काळात इशापूर येथील रायफल कारखान्यात ब्राउनिंग पद्धतीचे ९ मिमी. पिस्तूल तयार होऊ लागले. भारतात परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आणण्यात आली.

न्यायवैद्यक महत्त्व : नळीतील खाचा गोळीवर ठसे उमटवितात, तर खीळ, आकडा व उत्क्षेपक यांच्या खुणा कवचावर राहतात. खाचांची संख्या, रुंदी व वळणाची दिशा यांवरून शस्त्राचा प्रकार आणि हत्यारांच्या सूक्ष्म ओरखड्यांवरून विशिष्ट शस्त्र ओळखण्याचा प्रयत्न केला जातो. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत तुलना-सूक्ष्मदर्शकाचा उपयोग सुरू झाल्यावर या तपासणीस शास्त्रीय स्वरूप आले. अशा निष्कर्षावर आरोपीचे भवितव्य अवलंबून असू शकते, म्हणून संशयित शस्त्रातून चाचणीसाठी गोळ्या झाडून त्यांच्याशी तुलना करणे आवश्यक मानतात.

क्रीडा : नेमबाजीत पिस्तुलाच्या स्पर्धा १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून होत आहेत. १० मी. अंतराच्या स्पर्धेत दाबाखालील हवेने छर्रा सोडणारे पिस्तूल वापरतात. त्यात दारू नसते. विजय कुमार यांनी लंडन येथे २०१२ मध्ये २५ मी. शीघ्र नेमबाजीत रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. मनू भाकर यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मी. हवाई पिस्तुलाच्या वैयक्तिक स्पर्धेत व सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र स्पर्धेत कांस्यपदक मिळाले.