पेटी कपाटातच का राहिली?

काही वर्षांपूर्वी आम्ही प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी मिळून तालुक्यातील काही शाळांना विज्ञानाच्या प्रयोगपेट्या दिल्या. शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर घेतले. पेट्या किती दिल्या, शिक्षक किती आले, याचा चोख अहवालही लिहिला. पुढच्या वर्षी एका शाळेत गेलो, तेव्हा आमची पेटी कपाटात कुलूपबंद होती. तिच्यावरचा दोराही सुटलेला नव्हता. सरांनी संकोचत कारण सांगितले : पेटी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली, परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार?

आमच्या अहवालातील एकही ओळ खोटी नव्हती. मात्र आम्ही मोजले ते आमचे काम. मुलांच्या पदरात काय पडले ते नव्हे. ही गफलत टाळण्यासाठी उपक्रमांच्या नियोजनात व मूल्यमापनात एक साधे साधन वापरतात. त्याला 'लॉजिक मॉडेल' म्हणतात. आपण 'तर्कसाखळी' म्हणू. हे नाव अमेरिकन मूल्यमापनतज्ज्ञ जोसेफ व्होली यांच्या १९७९ सालच्या पुस्तकापासून रूढ झाले.

कागदावर डावीकडून उजवीकडे पाच चौकटी काढाव्यात. साधने (पैसा, पेट्या, माणसे), कृती (शिबिर), हाती आलेले काम (इतके शिक्षक तयार झाले), परिणाम (मुले वर्गात प्रयोग करू लागली) आणि दूरचा परिणाम (मुलांची समज वाढली). चौकटी बाणांनी जोडाव्यात. तक्ते भरून भरून आपला हात चौकटींना सरावलेला असतो. खरा विचार करायचा तो बाणांचा. प्रत्येक बाणाखाली एक गृहीतक दडलेले असते. 'शिक्षक शिकले, म्हणजे ते पेटी उघडतील' हे गृहीतक आम्ही कागदावर मांडलेच नाही. मांडले असते तर शिबिरातच कोणीतरी रजिस्टरचा प्रश्न काढला असता.

निरुपद्रवी वाटणारे गृहीतक कसे फसते, याचे केनियातील एक उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पश्चिम केनियातील ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तकांचा मोठा तुटवडा होता. १९९६ मध्ये एका डच संस्थेने १०० शाळांपैकी २५ शाळांना सरकारमान्य पुस्तके दिली. या शाळा गरज किंवा ओळख न पाहता, चिठ्ठी टाकावी तशा निवडल्या होत्या. पुस्तक हाती आले की गुण वाढणार, यात शंका कोणाला येईल? पॉल ग्लुई, मायकेल क्रेमर व सिल्वी मुलँ यांनी पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली. सरासरी गुणांत फरक दिसला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. अनेकांना पुस्तक वाचताच येत नव्हते. साखळी तुटली होती ती 'पुस्तक मिळाले' आणि 'पुस्तक वाचले' यांच्यामध्ये.

येथे पुस्तके न मिळालेल्या शाळांचे महत्त्व लक्षात घ्यावे. कोठे पाहायचे एवढेच साखळी सांगते. झालेला बदल आपल्यामुळेच झाला की नाही, हे तुलनेशिवाय कळत नाही.

मागे पडलेल्या मुलांचा हाच प्रश्न मुंबईत वेगळ्या टोकाने हाताळला गेला. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीतील अशा मुलांना वस्तीतीलच एखादी तरुणी शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास शिकवी. भर होता तो वाचनाच्या व अंकज्ञानाच्या राहून गेलेल्या पायऱ्यांवर. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे याची पाहणी झाली, तीही बालसखी नसलेल्या वर्गांशी तुलना करून. गुण वाढले, आणि मुख्यतः सर्वांत मागच्या मुलांचे वाढले. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभराने त्यातील बराच लाभ ओसरला होता. एकदा आलेले टिकून राहील, हेही एक गृहीतकच होते.

दुसऱ्या खेपेस पेट्या देताना आम्ही मुख्याध्यापकांशी आधी बोललो. काचसामान खर्ची पडणारे म्हणून वेगळे नोंदवायचे ठरले. अहवालाच्या तक्त्यात फुटलेल्या परीक्षानळ्यांसाठी एक रकाना वाढवला. वर्षअखेर ज्या शाळांचा हा रकाना कोरा येतो, तेथे आता आम्ही आधी जातो.