बावीस नावं, एक गोळी

नैराश्याने ग्रासलेल्या किशोरांना पॅरॉक्सेटिन लागू पडतं, असं २००१ साली एका अमेरिकी नियतकालिकात छापून आलं. ‘स्टडी ३२९’ या चाचणीचा तो अहवाल. खाली नावं तब्बल २२ जणांची!

मसुदा मात्र औषधकंपनीने पैसे मोजून नेमलेल्या लेखिकेचा होता. शिवाय आधी ठरवलेल्या मुख्य निकषांवर हे औषध औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरलंच नव्हतं. तरीही विक्री प्रतिनिधी तो लेख घेऊन डॉक्टरांकडे फिरले.

२०१२ मध्ये या औषधाची कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने अमेरिकेत अशा प्रचाराबद्दल गुन्हा कबूल केला आणि इतर औषधांच्या प्रकरणांसह ३ अब्ज डॉलर भरले. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ आकडेवारी पुन्हा तपासली. औषध निष्प्रभ होतं आणि ते घेणाऱ्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार व प्रयत्न वाढले होते.