जुगार, दुरावा आणि आनंदमेळ्यातली सोडत

जुगाराने मोडलेल्या घराची आपल्याकडची सर्वात जुनी हकिगत ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात फाशांच्या नादी लागलेला एक माणूस स्वतःच बोलतो. बायको त्याच्यावर कधी रागावत नव्हती, त्याच्याशी आणि त्याच्या मित्रांशी चांगली वागत होती. फाशांपायी त्याने तिलाच दूर लोटले. आता सासू त्याचा तिरस्कार करते. आई, बाप, भाऊ म्हणतात, हा कोण ते आम्हाला ठाऊक नाही, खुशाल बांधून न्या. कर्जात बुडालेला तो रात्रीच्या वेळी घाबरत घाबरत दुसऱ्यांच्या घरी पैसे शोधत जातो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे सूक्त वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: त्याने एकूण किती गमावले हे सूक्तात कुठेच नाही. गाई किती गेल्या, धान्य किती गेले, याचा हिशेब कवीने दिलेला नाही. माणसे कशी एकेक करून दूर गेली, हे मात्र त्याने बारकाईने सांगितले आहे.

आपण नेमके उलट करतो. कुणाच्या घरात जुगार शिरल्याचे कळले की पहिला प्रश्न येतो, किती गेले? दोन लाख म्हटले की थोडक्यात सुटला, वीस लाख म्हटले की संपला. पण पैसा गेला म्हणून घर तुटते, हे अनुभवाला धरून नाही. कांद्याचे भाव कोसळून, दुकानाला आग लागून, कारखाना बंद पडून पैसा जातोच. अशा वेळी बहुतेक घरे पोटाला चिमटा घेतात, दागिने विकतात, भांडतात, पण एकमेकांना धरून राहतात. जुगारात गेलेली रक्कम त्याहून लहान असली तरी भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि बायको मुलांना घेऊन माहेरी जाते. हा फरक रकमेतून येत नाही. जुगारातला पैसा न सांगता आणि न विचारता गेलेला असतो, फरक तिथे पडतो. भिशीची रक्कम भरली असे सांगून ती दुसरीकडेच लावलेली असते. आईच्या ठेवीची पावती, बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले सोने, मुलीच्या फीचे पैसे, हे ज्याचे होते त्याला कळायच्या आधीच गेलेले असते. उघडकीला येते तेव्हा घरच्यांना एका व्यवहाराचा धक्का बसत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रत्येक बोलणे त्यांना मनात पुन्हा तपासावे लागते.

महाभारतातल्या भीमाच्या रागाचे कारणही हेच आहे. युधिष्ठिराने धन, राज्य, भाऊ आणि शेवटी स्वतःला पणाला लावून हरेपर्यंत भीम गप्प असतो. त्याचा तोल सुटतो तो द्रौपदीला पणाला लावल्यानंतर. सहदेवाला तो अग्नी आणायला सांगतो, कारण त्याला थोरल्या भावाचे हात जाळायचे असतात. धन आणि राज्य गेल्याचा आपल्याला राग आला नव्हता, कारण त्या सगळ्याचे स्वामी तुम्हीच, असेही तो त्याच वेळी बोलून दाखवतो. ही मर्यादा त्याने नेमकी ओळखली होती. जे तुमचे आहे ते हरलात, ते सोसू. जे तुमचे नव्हे ते तिला न विचारता लावलेत, ते सोसणार नाही.

आधुनिक मानसोपचारशास्त्रही याच ठिकाणी पोहोचले आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली जुगाराच्या विकृत ओढीला आजारांच्या यादीत जागा दिली आणि 2013 च्या पाचव्या आवृत्तीत तिला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर बसवले. निदानासाठी नऊ लक्षणे दिली आहेत; वर्षभरात त्यांतली चार दिसली तरी आजार मानला जातो. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला जाणे हे एक लक्षण आहे. किती गुंतलो आहोत हे लपवण्यासाठी खोटे बोलणे हे दुसरे. महत्त्वाचे नाते किंवा नोकरी धोक्यात घालणे आणि अडचणीतून सुटायला इतरांच्या पैशावर विसंबणे, हीही लक्षणेच. किती रुपये गेले म्हणजे आजार, असा आकडा या नऊपैकी एकाही लक्षणात नाही.

लपवणे हा या व्यसनाचा स्वभाव आहे आणि तंत्रज्ञानाने त्याला मोठे बळ दिले. दारूला वास असतो, पाय लटपटतात, शेजाऱ्यालाही कळते. जुगाराला वास नाही. तरी मटक्याच्या काळात थोडाफार उजेड होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. ते आकडे बंद झाल्यावर साठच्या दशकात मडक्यातून आकडा काढायची पद्धत रूढ झाली. मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावे घरोघरी माहीत झाली. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द गिरणगावातल्या पोरासोरांच्या तोंडी होते. दहांपैकी एक आकडा लावायचा आणि लागला तर एकाला नऊ मिळायचे. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर देऊन नव्वद हाती येणार. लावणारा कितीही हुशार असला तरी हा हिशेब बदलत नाही. पण आकडा लावायला कोपऱ्यावरच्या एजंटाकडे जावे लागे, तिथे कुणी ना कुणी पाही, आणि बातमी चाळीत पोहोचे. मोबाइलने हा कोपराच काढून टाकला. आता माणूस बायकोशेजारी अंथरुणावर पडून पैसे लावू शकतो, हरू शकतो आणि त्याच फोनवर झटपट कर्जही घेऊ शकतो. घराला पहिली बातमी कळते ती वसुलीवाल्याच्या फोनने.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या वेळी सरकारचा अंदाज असा होता की देशातले सुमारे 45 कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी जवळपास 20,000 कोटी रुपये गमावतात. कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. ही दिशा योग्य आहे. मग आता प्रश्न मिटला, असे कुणी म्हणेल. पण मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे आणि मटका वाढला तो कायदा असतानाच. कायद्याने दुकान बंद होते, जाहिरात थांबते, नव्याने फसणाऱ्यांची संख्या घटते, आणि हे थोडे नव्हे. मात्र ज्या घरात खोटे आधीच शिरले आहे तिथे ते बाहेर काढायचे काम घरालाच करावे लागते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. रक्ताचे नाते असे टाकायचे का? माणूस आजारी असेल तर त्याच्यापासून दूर होणे हा निर्दयपणा नाही का? कर्ज फेडून त्याला मोकळे करावे, एवढे तरी आईबापांनी, भावांनी करू नये का? आपल्या परंपरेचे उत्तर अनेकांना वाटते त्यापेक्षा कठोर आहे. बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानणाऱ्या धर्मशास्त्रानेच त्याला अपवाद ठेवले, आणि याज्ञवल्क्य स्मृतीत त्या अपवादांमध्ये दारू आणि कामवासनेपायी झालेल्या ऋणाबरोबर द्यूताचे ऋणही आहे. ते मुलाने फेडायचे नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नेही पैजेचा करार रद्दबातल ठरवला. स्मृतिकारांना दया नव्हती म्हणून हा अपवाद आला, असे मला वाटत नाही. गुपचूप फेडलेले कर्ज हे पुढच्या डावाचे भांडवल होते. एकदा शेत गहाण टाकून सोडवलेला मुलगा दुसऱ्यांदा तितकाच निर्धास्तपणे खेळतो, कारण शेवटी कुणीतरी भरतो हे त्याला ठाऊक झालेले असते.

म्हणून अंतर राखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. नल राजाला पुष्कराबरोबरच्या द्यूतातून आवरता येत नाही हे दिसल्यावर विदर्भाची राजकन्या दमयंतीने आपल्या दोन्ही मुलांना सारथ्याबरोबर माहेरी, कुंडिनपुराला, धाडले. स्वतः मात्र ती नलाबरोबर वनात गेली. तिने काय वाचवायचे ते आधी वाचवले आणि मग नात्याकडे पाहिले. आजच्या घरातही हे करता येते. बँकखाते वेगळे करावे, जामीनदार म्हणून सही देऊ नये, घराची कागदपत्रे आणि सोने त्याच्या हाताबाहेर ठेवावे, नातेवाइकांना उघड सांगावे की त्याला हातउसने देऊ नका. हे सगळे करूनही जेवायला बोलावता येते, दवाखान्यात बरोबर जाता येते. ज्या बाईला मारहाण होते, जिच्या नावावर चोरून कर्ज काढले जाते, तिने मात्र पूर्ण दूर जावे. तिला दोष देण्याचा हक्क कुणालाही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतले. लॉस एंजेलिसमध्ये 1957 साली सुरू झालेल्या जुगाऱ्यांच्या स्वमदत गटाशेजारीही कुटुंबीयांचा स्वतंत्र गट उभा राहिला. घरच्यांचे दुःख वेगळे असते आणि त्याला वेगळी जागा लागते, हे या दोन्ही ठिकाणी ओळखले गेले.

आता दुसरा आक्षेप, वरवर हलका पण मुळाशी जाणारा. जुगार इतका वाईट, तर शाळेच्या, वृद्धाश्रमाच्या किंवा सेवाभावी संस्थेच्या आनंदमेळ्यात आपण हौजी खेळतो, दहा रुपयांचे कूपन घेऊन लकी ड्रॉची वाट बघतो, ते काय असते? नशिबावर पैसे लावणेच ना? ब्रिटनने या प्रश्नाचे विचारपूर्वक उत्तर 1934 च्या कायद्यात दिले. लॉटरीवर बंदी ठेवून मदतनिधीच्या बाजारांतल्या छोट्या सोडतींना त्यात मुभा होती, पण अटींवर: जमलेला पैसा कुणाच्या खासगी फायद्यासाठी जाऊ नये, बक्षीस रोख रकमेचे नसावे, तिकिटे मेळ्याच्या जागी आणि मेळा चालू असतानाच विकावीत, निकालही तिथेच लागावा, आणि लोकांनी यावे याचे मुख्य आकर्षण सोडत हे नसावे. या अटी वाचल्या की जुगार घर का मोडतो हेही उलट बाजूने कळते. इथे पैसा सगळ्यांदेखत जातो, कुठे जातो ते ठाऊक असते, संध्याकाळी मंडप उतरला की खेळ संपतो, आणि हरलेले परत मिळवायला रात्री दोन वाजता कुठे जाता येत नाही. बक्षिसातला कुकर विकून पुन्हा कूपन घ्यावे, असे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि मेळ्याचा आनंद सोडतीपुरता नसतोच. सकाळपासून कुणाच्या तरी आईने थालीपिठाच्या भाजणीचे डबे आणलेले असतात. विशेष मुलांच्या कार्यशाळेत रंगवलेल्या पणत्या आणि कंदील मांडलेले असतात, आणि त्या मुलांपैकीच एखादा मुलगा सुट्टे पैसे मोजून परत देत असतो. भेळेच्या गाड्यावर शाळेचे मुख्याध्यापक कांदा चिरत उभे असतात. रिंग टाकायच्या खेळात पाच वर्षांची मुलगी साबणाची वडी जिंकते आणि ती आजीला दाखवायला पळते. आपण दिलेले शंभर रुपये कुणाच्या हातात गेले ते समोर दिसते. घरी जाताना कुणी कुणापासून काही लपवत नाही. उलट आज काय काय घेतले, किती उडवले, हे जेवताना मोठ्याने सांगितले जाते. ज्या घराला जुगाराने पोळले आहे त्या घरासाठी अशी संध्याकाळ फार मोलाची असते, कारण पैसा आणि हसणे तिथे बऱ्याच दिवसांनी एकत्र आलेले असते.

चांगले कारण जोडले की कुठलाही जुगार शुद्ध होतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये. महाराष्ट्राची राज्य लॉटरी 1969 पासून आहे आणि तिचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. तरीही ते तिकीट एकट्याने, रोज, खिशात दडवून घेता येते. गोव्यातल्या काही जत्रांत देवळाच्या आवारापासून जवळच गडगड्याचा जुगार मांडला जातो. जत्रा पवित्र असल्याने तो निरुपद्रवी होत नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनोंत 2020 पासून खुद्द गोमंतकीयांना प्रवेश बंद आहे, तर महाराष्ट्राने कधीच अमलात न आलेला आपला 1976 चा कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द केला. बाहेरच्याने खेळावे पण आपल्या माणसाने नको, ही गोव्याची भूमिका नैतिकदृष्ट्या मला पटत नाही, पण नुकसान कुणाच्या दारात येते याची कबुली त्यात आहे.

मेळा भरवणाऱ्यांनी आणखी एका माणसाचा विचार करायला हवा: नुकताच जुगारातून बाहेर पडलेला. त्याच्यासाठी पाच रुपयांचे हौजीचे तिकीटही निरुपद्रवी नाही, कारण आकडा पुकारला जाण्याची ती धडधड तीच असते. त्याने तिथे बसू नये आणि घरच्यांनी त्याला आग्रह करू नये. सोडतीशिवाय मेळा फिका पडतो ही भीतीही अनाठायी आहे. पुण्यात 2005 पासून पितृपक्षात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात सामाजिक संस्था आपले काम मांडतात, लोक कार्यकर्त्यांशी बोलतात आणि देणगी देऊन जातात. लोकांना तिथे ओढून आणायला कुठल्याही बक्षिसाची गरज लागत नाही.

यंदा आपल्या शाळेत किंवा वसाहतीत आनंदमेळा असेल तर जरूर जा, घरच्या सगळ्यांना घेऊन जा, आणि गल्ला कुठे जाणार ते आयोजकांना विचारा. घरात कुणी पैसे लावत असल्याची शंका असेल तर मेळ्याची किंवा सणाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर हिशेबाची वही आणि बँकेची पासबुके उघडा, आणि कर्ज फेडायच्या आधी त्याला उपचाराकडे न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, तिथे मराठीत बोलता येते, आणि फोन घरच्या कुणीही केला तरी चालतो.