कारखान्यातील रसायने आणि कर्करोग

इंदूर हे एके काळी कापडगिरण्यांचे शहर होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि इतर गिरण्यांचे भोंगेही एकामागून एक थांबले. परंतु भोंगा थांबला म्हणजे कामाचा परिणामही थांबला, असा समज करून घेऊ नये.

कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये विंचवाप्रमाणे तत्काळ डंख करीत नाहीत. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांना किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. त्यांनी दोष अ‍ॅनिलीनला दिला. मुख्य अपराधी बेन्झिडीन व नॅफ्थिलअमीन ही तिचीच भावंडे, हे पुढे सिद्ध झाले. बेन्झिडीनपासून केलेले रंग सुती कापडावर सहज चढत, म्हणून त्यांचा प्रसार फार झाला. शरीरात गेल्यावर त्यांतून बेन्झिडीन पुन्हा मोकळे होते. भारतात अशा ४२ रंगांवर १९९३ साली बंदी आली. तथापि संसर्ग आणि रोग यांच्यामध्ये वीस-तीस वर्षेही लोटू शकतात.

मग धोका ओळखावा कसा? नाकावर विसंबू नये. पुष्कळ घातक द्रव्यांना वास नसतो, आणि असलाच तर नाकाला त्याची सवय होते. पिंपावरील नाव वाचावे व त्या द्रव्याचे सुरक्षा-माहितीपत्रक मालकाकडे मागावे. हवेतील प्रमाण मोजण्यासाठी कामगाराच्या गळपट्टीशी नळी लावून लहान पंपाने पाळीभर हवेचा नमुना घेतात.

बचावालाही क्रम आहे. प्रथम ते द्रव्यच बदलावे. ते न साधल्यास यंत्र बंदिस्त करावे आणि वाफ व धूळ जागीच ओढून घेणारी योजना करावी. हातमोजे व मुखवटा हे शेवटचे साधन होय. बेन्झिडीन त्वचेवाटेही शिरते. तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागत नाही. रंगाने माखलेले कपडे घरी नेऊ नयेत.

ज्यांनी पूर्वी रंगखात्यात काम केले, त्यांनी कोणते काम किती वर्षे केले हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लघवीतून रक्त गेले, तर ते एकदाच गेले वा वेदना नव्हती म्हणून स्वस्थ बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला, त्याचे मर्म हेच. गिरणी विसरली तरी शरीर विसरत नाही. म्हणून नोंद आपणच ठेवावी.